आण्णांची खालची कवळी बसत नाही, 'तीन दिवसांत फिक्स दात' करून घ्यावेत का?

मुरगूडची माहेरवाशीण

नमस्कार. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे. आण्णा ६९ वर्षांचे, मुरगूडला असतात, शेतावर अजून रोज फेरी असते. मी लग्न होऊन कोल्हापुरात, राजारामपुरीत.

त्यांचे वरचे-खालचे सगळे दात गेलेत आणि दोन्हीकडे कवळी आहे. वरची चांगली बसते. खालची मात्र पहिल्यापासून त्रास देते. बोलताना उचलते, एका बाजूनं घास चावला की दुसऱ्या बाजूनं वर येते, आणि खाली शेंगदाण्याचा कूट अडकला की हिरडी सोलवटते. मेडिकलमध्ये मिळणारी चिकटवायची क्रीम लावून पाहिली, ती दुपारपर्यंतच टिकते. आता जेवण म्हणजे दूध-भात, नाहीतर आमटीत कुस्करलेली भाकरी. परवा भावकीतल्या लग्नात पंगतीला बसलेच नाहीत. "भूक न्हाई" म्हणून मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसून राहिले. भूक होती, मला माहीत आहे. चारचौघांत कवळी हलते याची त्यांना लाज वाटते.

दोन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी वर सहा, खाली सहा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, आणि त्यावर पक्के दात असं सांगितलं. खर्च काही लाखांत, शिवाय हाड भरावं लागेल म्हणाले. दुसरीकडे 'तीन दिवसांत फिक्स दात' असा बोर्ड होता. तिथं तोंडात बघितलं आणि लगेच आकडा सांगितला. स्कॅन नाही, रक्ताची तपासणी नाही, "महिनाअखेरपर्यंत आला तर सवलत" म्हणाले. आण्णा दुसऱ्यावर खूष आहेत, कारण मुरगूड-कोल्हापूर सारखं करायला नको.

त्यांना शुगर आहे, शेवटचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ८.६ आलं होतं. हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहायची गोळी दिली आहे. आणि तंबाखू. चुना मळून दिवसातून कितीतरी वेळा, तरुणपणापासून.

या वयात हे करावं का? कोणत्या प्रकारचं? कोल्हापुरात कुणी करून घेतलं असेल तर खरं काय ते सांगा.

शाहूपुरीकर

वयाची अडचण नसते. आमच्या वहिनींनी खालच्या एका दाढेचं इम्प्लांट केलं, एकदम मस्त आहे. पण त्यांचे बाकीचे दात शाबूत होते. सगळे दात गेलेल्यांचा मला अनुभव नाही. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका एवढं सांगतो. अपघातात दात गेले असतील तर गोष्ट वेगळी, एरवी दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

गडहिंग्लजचा नातू

आमच्या मामांनी असेच झटपट करून घेतले होते. बसवणारे डॉक्टर बाहेरगावचे, महिन्यातून ठरलेल्या दिवशी यायचे. पुढं दोन स्क्रू हलायला लागले, पू यायला लागला. ते डॉक्टर तोवर यायचे बंद झाले होते, आणि दुसरे कुणी हात लावायला तयार होईनात, कारण स्क्रू कोणत्या कंपनीचा आहे हेच कुणाला माहीत नाही. शेवटी काढूनच टाकावे लागले. म्हणून सांगतो, किती दिवसांत बसणार यापेक्षा पाच वर्षांनी दार उघडणारा माणूस तिथं असणार आहे का ते आधी बघा.

उद्यमनगरचा टर्नर

ताई, तुमच्या आण्णांचं वाचलं आणि गप्प बसवलं नाही. पंगतीचं जे लिहिलंय ते मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम केलं. आता दुकान मुलगा बघतो. पायोरियानं माझे सगळे दात गेले. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिची तक्रार नाही. खालची तुमच्या आण्णांच्या कवळीप्रमाणेच तरंगायची. आज माझ्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आहेत. दोनच, सहा नाहीत. हिरडीतून त्यांची गोल डोकी एवढीच वर दिसतात. कवळीच्या आतल्या बाजूला त्या जागी धातूची वाटी आणि त्यात रबराची ओ-रिंग बसवलेली आहे. कवळी वर ठेवून बोटानं दाबली की टिचबटणासारखी 'टच्' करून बसते. रात्री काढायची, सकाळी लावायची. काढता येते म्हणून हिला कुणी फिक्स म्हणणार नाही, पण जेवताना ती जागची हलत नाही, आणि आपल्याला हवं होतं ते तेवढंच.

मला सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं की आधी सीबीसीटी स्कॅन करायचा. जबड्याचा तो स्कॅन त्यांनी स्क्रीनवर फिरवून फिरवून दाखवला. खालच्या जबड्याच्या हाडातून दोन्ही बाजूंनी एक नस येते आणि हनुवटीच्या दोन अंगांना हाडातल्या भोकातून बाहेर पडते. ड्रिल तिला लागलं तर खालचा ओठ बधिर पडू शकतो, कधी कायमचा. मागच्या दाढांच्या जागी माझं हाड इतकं झिजलं होतं की ती नस जवळजवळ वर आलेली. पण त्या दोन भोकांच्या मधला, पुढचा भाग चांगला जाड होता. डॉक्टर म्हणाले, दाढांकडचं गेलं तरी पुढचं हाड बहुतेकांचं टिकून असतं, म्हणून दोन्ही इम्प्लांट सुळ्यांच्या जागी घालू, हाड भरायची गरज नाही. आता तुम्हीच बघा, हे नुसतं तोंडात बोट घालून कुणाला कळणार? स्कॅन न करता आकडा सांगणाऱ्याकडं मी आण्णांना पाठवणार नाही.

स्क्रू बघायला द्या, असा मी हट्ट धरला. डॉक्टरांनी सीलबंद कुपी दाखवली, उघडली मात्र ऐन वेळी. जाडी चार मिलिमीटरला जरा कमी, लांबी बारापर्यंत, टोकाकडे निमुळता आणि आटे इतके स्वच्छ की मी बघतच राहिलो. टायटॅनियमवर काम केलेल्याला ठाऊक आहे, तो फार हट्टी धातू. उष्णता आत घेत नाही, सगळी टूलच्या टोकावर साठते. मी विचारलं, हा पॉलिश का नाही केला, पृष्ठभाग मातकट का? तर म्हणाले, सुरुवातीचे इम्प्लांट नुसते टर्न केलेले, गुळगुळीत असायचे. नंतर लक्षात आलं की ब्लास्टिंग करून, ॲसिडनं खरवडून पृष्ठभाग खडबडीत केला की हाड लवकर आणि घट्ट धरतं.

आता तीन दिवसांची गोष्ट. हे शास्त्र कसं सुरू झालं ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. स्वीडनमधले ब्रानेमार्क म्हणून डॉक्टर १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड धातूला धरून वाढलेलं. त्यावरून १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्या माणसाला चाळीस वर्षं पुरले. हे हाड धरणं म्हणजेच सगळं काम आहे. स्क्रू फिरवून घट्ट बसवला म्हणजे पक्का झाला, असं होत नाही. पहिल्या दिवसाची घट्ट पकड नुसती आट्यांची असते. पुढच्या आठवड्यांत ती जरा कमीच होते, कारण आट्यांना लागलेलं जुनं हाड विरघळतं आणि नवं भरायला वेळ लागतो. माझ्या वेळी इम्प्लांट घालून हिरडी टाके घालून बंद केली आणि तीन महिने त्यावर काहीही भार दिला नाही. जुनी कवळी त्या जागी आतून कोरून, मऊ अस्तर लावून दिली होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशीचं एक सांगतो, कारण त्यावरूनच माझा त्या डॉक्टरांवर विश्वास बसला. जागा बधिर केली होती, दुखलं काही नाही, आवाज आणि हादरा मात्र जाणवत होता. त्यांनी एकदम पूर्ण साइजचं ड्रिल मारलं नाही. आधी बारीक पायलट, मग त्याहून जाड, मग त्याहून जाड, आणि प्रत्येक वेळी सलाइनची गार धार चालू. मध्येच थांबायचे, ड्रिल वर घ्यायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, हाड ४७ अंशांवर मिनिटभर जरी तापलं तरी त्या जागचं हाड मरतं, आणि मेलेलं हाड धातूला धरत नाही. कूलंट बंद करून घाई करणारा कारागीर मी माझ्या दुकानात ठेवला नसता. शेवटी स्क्रू टॉर्कच्या पान्यानं बसवला, ३५ न्यूटन-सेंटिमीटरला. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला आणि असिस्टंटनं कागदावर लिहून घेतला.

तो कागद फार महत्त्वाचा. गडहिंग्लजच्या भावांनी मामांचं लिहिलंय ते हेच. प्रत्येक इम्प्लांटच्या कुपीवर स्टिकर असतो, त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर. तो स्टिकर आपल्या कार्डावर चिकटवून मागून घ्यायचा. उद्या वरचा भाग सैल झाला तर त्याच कंपनीचा ड्रायव्हर लागतो. कुणाचा षटकोनी, कुणाचा चौकोनी, माप प्रत्येकाचं निराळं. कार्ड असेल तर सांगलीचा असो नाहीतर पुण्याचा, कुठलाही डॉक्टर हात लावू शकतो.

खर्च मला दोन इम्प्लांट, त्यावरचे बॉल (तीच गोल डोकी) आणि नवी खालची कवळी मिळून लाखाच्या आत आला. ओ-रिंग झिजतात, साधारण वर्षाकाठी बदलाव्या लागतात. ते काम खुर्चीत बसल्या बसल्या होतं आणि पैसे किरकोळ. पकड ढिली लागली की समजायचं, रिंग गेली.

खातो काय? ज्वारीची भाकरी, मटण, भाजलेले शेंगदाणे सगळं. मटण आधी नुसता रस्सा ओरपून सोडून द्यायचो, आता फोडी चावून खातो. ऊस दातानं सोलायचा नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय आणि ते मी पाळतो. कणीसही दाणे काढून खातो.

माझं स्पष्ट मत सांगतो. आण्णांची वरची कवळी चांगली बसत असेल तर तिला हात लावू नका. खाली दोन इम्प्लांट आणि क्लिपची कवळी, बास. लाखो रुपये घालून बारा स्क्रूची त्यांना गरज आहे असं मला वाटत नाही. पण त्याआधी शुगर आणि तंबाखू. मला सिगारेटची सवय होती. सोडल्याशिवाय ड्रिल हातात घेणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

डेंटिस्ट ताई, इचलकरंजी

टर्नर काकांनी इतकं नेमकं लिहिलंय की मला थोडीच भर घालायची आहे. आण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे पक्कं काही सांगत नाही, दिशा सांगते.

खालची कवळी जवळजवळ सगळ्यांनाच त्रास देते. वरच्या कवळीला टाळूची मोठी जागा मिळते, खाली घोड्याच्या नालाच्या आकाराची अरुंद पट्टी असते आणि मध्ये जीभ सतत हलत असते. शिवाय दात गेल्यावर वर्षानुवर्षांत खालच्या जबड्याची उंची वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजते. म्हणूनच २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की खालचे सगळे दात गेलेल्यांना नुसती कवळी देण्यापेक्षा दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय असावा. काकांनी करून घेतलंय ते हेच. सहा इम्प्लांटवरचे पक्के दात वाईट नाहीत, ज्याला काढ-घाल अजिबात नको आणि खर्च झेपतो त्याच्यासाठी चांगले आहेत. पण त्यांची सफाई अवघड असते. हाताला कंप असेल, नजर कमी झाली असेल तर काढता येणारी कवळी स्वच्छ ठेवणं कितीतरी सोपं. इम्प्लांट किडत नाही, मात्र त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला संसर्ग होतो, आणि तो बराच काळ दुखत नाही. ज्यांचे दात पायोरियानं गेले त्यांना हा धोका जास्त.

त्याच दिवशी किंवा तीन दिवसांत दात बसवणं ही थाप नाही. हाड भक्कम असेल, स्क्रूची पहिली पकड चांगली मिळाली आणि सगळे स्क्रू एकमेकांना बांधले तर निवडक रुग्णांत लगेच भार देतात. पण 'निवडक' ठरवायला स्कॅन लागतो, रक्ताचे रिपोर्ट लागतात. अनियंत्रित शुगर आणि तंबाखू असलेला माणूस न तपासता त्यात बसवणं मला पटत नाही. महिनाअखेरच्या सवलतीसाठी जबड्याचा निर्णय घेऊ नका.

८.६ हे जास्त आहे. फिजिशियनच्या मदतीनं सातच्या आसपास आणा, साडेसात झालं तरी बोलता येईल. जखम भरणं आणि हाड धरणं दोन्ही त्यावर अवलंबून आहे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, दात काढायला नाही आणि इम्प्लांटलाही नाही. हार्टच्या डॉक्टरांचं पत्र आणा. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दोन इम्प्लांट करता येतात, टाके आणि दाब देऊन रक्त थांबतं. स्टेंट घातलेल्या माणसाची गोळी मध्येच थांबवणं मात्र जिवावर बेतू शकतं.

आणखी एक. इम्प्लांटच्या आधी कवळीच तपासून घ्या. दहा-बारा वर्षांची जुनी असेल, दातांची उंची झिजली असेल तर आधी चांगली नवी कवळी करावी लागते. काही जणांचा प्रश्न तिथंच सुटतो. यासाठी प्रोस्थोडॉन्टिस्ट बघा, म्हणजे दात आणि कवळ्या बसवण्यात एमडीएस (बीडीएसनंतरची पदवी) केलेले.

पैशांची अडचण असेल तर डेंटल कॉलेजला न्या. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कराडला कृष्णाचं आहे. एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च खासगीपेक्षा कमी आणि तपासणी कसून होते.

आता तुम्हाला एक विनंती. आण्णा तंबाखू गालात कुठल्या बाजूला धरतात ते विचारा, आणि चांगल्या उजेडात कवळी काढून ती जागा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, गाठ, काहीही दिसलं तर इथं लिहा. तोंड पुरेसं उघडतं ना हे कळायला, तोंड उघडल्यावर त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का तेही बघा.

कळंब्याची वैशाली

यात एक जोडते, माझ्या सासूबाईंच्या वेळी कळलं ते. हाडं ठिसूळ झाली म्हणून त्या आठवड्यातून एकदा गोळी घ्यायच्या, ॲलेन्ड्रोनेट नावाची. दात काढायच्या आधी डॉक्टरांनी "औषधं काय चालू आहेत" विचारलं, तर बीपीची सांगितली आणि हीच राहून गेली. आठवड्यातून एकदाच असते ना, लक्षात येत नाही. नशिबानं पिशवीत पाकीट दिसलं. या गोळ्या किंवा वर्षातून एकदा देतात ते इंजेक्शन चालू असेल तर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडू शकतं. म्हणून सगळी पाकिटंच घेऊन जा.

मुरगूडची माहेरवाशीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिखाण आण्णांना वाचून दाखवलं. ओ-रिंगचं ऐकून त्यांना लगेच समजलं, मोटरपंपात असते तीच ना म्हणाले. स्क्रू बसवायची भीती अर्धी कमी झाली.

पण ताई, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. डाव्या गालात आत खाली, तंबाखू धरतात तिथंच, रुपयाएवढा पांढरट चट्टा आहे. बोटाला खरखरीत लागतो, पुसून निघत नाही. दुखत नाही म्हणतात, त्यामुळे कधी सांगितलंच नाही. तोंड नीट उघडतं, तीन बोटं जातात. दोन डॉक्टरांनी तोंडात बघितलं होतं, एकानंही याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

डेंटिस्ट ताई, इचलकरंजी

घाबरू नका, पण थांबूही नका. इम्प्लांटचा विषय आता बाजूला ठेवा. याच आठवड्यात डेंटल कॉलेजच्या ओरल मेडिसिन विभागात किंवा ओरल सर्जनना दाखवा. असे बरेच चट्टे तंबाखू-चुन्याच्या घर्षणानं जाड झालेल्या त्वचेचे असतात आणि तंबाखू सोडल्यावर काही आठवड्यांत विरतात. काही पुढे कॅन्सरकडे वळू शकतात. नुसतं बघून फरक सांगता येत नाही, गरज वाटली तर ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. सैल कवळीची कड त्या जागी घासत असेल तर तीही गुळगुळीत करून घ्या, तोवर जेवणापुरतीच लावू द्या.

तंबाखू आजपासून बंद. एकट्यानं जमत नसेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. शेजारी बसून फोन लावून द्या.

उद्यमनगरचा टर्नर

ताई, आधी ते दाखवून या. दात कुठं पळून जात नाहीत. एकट्या जाऊ नका, भावाला बरोबर घ्या. काय म्हणतात ते इथं नक्की कळवा, वाट बघतोय.

मुरगूडची माहेरवाशीण

कळवायला उशीर झाला, माफ करा. नवे पारगावला दाखवलं. तुकडा काढून तपासला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, कॅन्सरकडे वळणारे बदलही नाहीत. तंबाखूनं जाड झालेली त्वचा आहे. तंबाखू पूर्ण बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं असं सांगितलंय. रिपोर्ट हातात पडला तेव्हा आण्णा काहीच बोलले नाहीत. बाहेर आले आणि खिशातली चुन्याची डबी तंबाखूसकट माझ्या हातात दिली. हेल्पलाइनवर दोनदा बोलले. चिडचिड होते, बडीशेप चघळतात, पण अजून तरी पाळलंय.

शुगरची औषधं बदलून घेतली, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तिथल्या प्रोस्थोच्या मॅडमनी खाली दोनच इम्प्लांट पुरतील म्हणून सांगितलं, पण शुगर खाली आल्यावर आणि चट्टा विरलेला बघितल्यावरच. आधी नवी कवळी करणार आहेत. काका, दोन शंका. नवी कवळी केली तर इम्प्लांटनंतर पुन्हा दुसरी करावी लागते का? आणि रात्री काढलेली कवळी कशात ठेवायची? आण्णा कोरडीच उशाशी ठेवतात.

उद्यमनगरचा टर्नर

वाचून फार बरं वाटलं. आण्णांना माझा नमस्कार सांगा, डबी हातात देणं सोपं नसतं.

कवळी दुसरी करावी लागत नाही. आता होणारी नवी कवळी चांगली बसली तर नंतर तिच्यातच वाट्या बसवतात, फक्त आत तेवढी जाडी ठेवायला मॅडमना आत्ताच सांगून ठेवा. माझी नवी करावी लागली, कारण जुनी पातळ होती आणि मध्ये चीर गेली होती.

कोरडी ठेवायची नाही, ॲक्रिलिक सुकून आकार बदलतो. झाकणाच्या डब्यात साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाणी नको, वाकडी होते. टूथपेस्ट लावून घासायची नाही, बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. घासताना खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायला सांगा, हातातून सुटली तर फुटत नाही. पुढे इम्प्लांट झाले की त्या दोन डोक्यांच्या भोवती, हिरडीच्या कडेनं, लहान डोक्याचा ब्रश दोन वेळा फिरवायचा. थोडं रक्त दिसलं म्हणून थांबायचं नाही, पण आठवडाभर येत राहिलं तर दाखवायचं.

आणि कोल्हापूरला आलात की आण्णांना घेऊन दुकानावर या. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, बाकी कधीही. मी कवळी काढून, बॉल, वाटी, रिंग सगळं त्यांच्या हातात देतो. इथल्या मेसेज बॉक्समध्ये लिहा, पत्ता कळवतो.